दीड स्कूपचा हिशोब

प्रश्न : अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या गावातून एका आईचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात सांगते. नवरा एफ-१ व्हिसावर पीएचडी करतोय, महिन्याला साधारण २,६०० डॉलर स्टायपेंड. तिचा व्हिसा एफ-२, म्हणजे नोकरी करता येत नाही. बाळ चार महिन्यांचं, जन्म तिथलाच. अंगावरचं दूध पुरेना म्हणून दुसऱ्या महिन्यापासून जोडीला फॉर्म्युला, म्हणजे बाळाच्या दुधाची पावडर, सुरू केला आणि आता डब्यांवर महिन्याला दोनशेच्या आसपास डॉलर जातात. डॉक्टरांकडच्या नर्सने ‘विक’ला (WIC, म्हणजे गरोदर बायका, बाळंतिणी आणि लहान मुलांना खाण्यापिण्याची मदत देणारी अमेरिकी सरकारची योजना) अर्ज करायला सुचवलं. नवरा म्हणतो, सरकारी मदत घेतली की पुढे ग्रीन कार्डाचं वाटोळं. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई, मूळच्या माण तालुक्यातल्या, म्हणतात, “मुलगा अमेरिकेत शिकतोय आणि नातू रेशनच्या दुधावर वाढणार?” एक मैत्रीण स्वतःला विकमधून मिळालेले आणि उरलेले डबे अर्ध्या किमतीत द्यायला तयार आहे. पत्र लिहिणाऱ्या आईचा प्रश्न असा : ‘आम्ही काही गरीब नाही, तात्पुरते अडचणीत आहोत. मग हे घेणं बरोबर आहे का, मावशी?’ आणि सहीच्याही खाली एक ओळ : ‘सध्या चार औंस पाण्याला दोनऐवजी दीडच स्कूप घालते. त्याने काही होत नाही ना?’

उत्तर :

मावशी म्हणालीस, तेव्हा एकेरीतच लिहिते.

सहीखालची ओळ आधी घेते, कारण बाकी सगळ्याला आठवडाभर वेळ आहे, तिला नाही. होतं. पावडर पातळ केल्याने होतं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला जास्तच होतं. एवढ्याशा जिवाची मूत्रपिंडं जादा पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. रक्तातलं सोडियम उतरतं, बाळ मलूल पडतं, आणि फारच उतरलं तर आकडी येते. तिथवर गेलं नाही तरी पोट पाण्याने भरतं आणि वजन मात्र वाढत नाही. तू चोरून काही केलेलं नाहीस, डबा महिनाअखेरपर्यंत पुरवायला बघत होतीस, हे मला कळतं. पण आजपासून डब्यावर लिहिलंय तेच माप. दोन औंसाला एक स्कूप असेल तर चार औंसाला दोन, आणि पाणी आधी, पावडर नंतर. उद्या डॉक्टरांकडे फोन करून हे जसंच्या तसं सांग आणि वजन करून घे. बाळ नेहमीपेक्षा सुस्त वाटलं किंवा झटका आल्यासारखं काही दिसलं, तर उद्याची वाट बघू नकोस.

डबा संपत आला असेल तर त्याच फोनवर तेही सांग. बालरोगतज्ज्ञांकडे बऱ्याचदा नमुन्याचे डबे असतात, मागून बघ. २११ हा नंबर फिरवला की जवळची फूड पँट्री, म्हणजे गरजूंना मोफत शिधा देणारं केंद्र, कळते. तिथे बाळाचं दूध नेहमी असतंच असं नाही, पण विचारायला हरकत नाही. काहीही झालं तरी गाईचं दूध पाणी घालून देऊ नकोस. सासूबाई म्हणतील की आम्ही त्याच्यावरच पोरं वाढवली. वाढवली खरी. पण एक वर्षाच्या आत गाईचं दूध हे मुख्य दूध म्हणून चालत नाही, त्यात लोह अगदीच कमी असतं आणि त्यातली प्रथिनं नि क्षार मूत्रपिंडांना जड जातात. घरी बनवायच्या फॉर्म्युल्याच्या कृती फोनवर फिरत असतात, त्याही नकोत.

आता तुझा खरा प्रश्न.

‘आम्ही गरीब नाही, तात्पुरते अडचणीत आहोत.’ हे वाक्य मी चार वेळा वाचलं, कारण १९९३ साली मी ते शब्दशः उच्चारलंय. नवरा विद्यापीठात, मी घरात, मुलगी तीन महिन्यांची. तेव्हा कार्ड नव्हतं, विकचे कागदी चेक मिळायचे आणि त्यावर काय घ्यायचं ते नेमकं छापलेलं असायचं. मी सिरियलचा चुकीच्या मापाचा डबा उचलला. काउंटरवरच्या मुलीने माइकवरून मॅनेजरला बोलावलं, “विक ऑन फोर!” चार नंबरच्या रांगेत माझ्या मागे आमच्या मंडळाच्या गणपतीला मोदक करणाऱ्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही नाही. तीस वर्षं झाली. लाज काय असते हे मला तू समजावून सांगायची गरज नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

पण ‘गरीब’ या शब्दावर मला तुझ्याशी थोडं भांडायचंय. आपल्या डोक्यात मदतीचं चित्र म्हणजे रेशन कार्डाचा रंग. महाराष्ट्रात पिवळं, केशरी, पांढरं, आणि घरात कुठलं आहे त्यावरून माणसाची पत. पांढऱ्या कार्डवाल्यांना त्यावर धान्य मिळत नाही, पण पत्त्याचा पुरावा म्हणून ते कपाटात जपून. त्यामुळे ‘मदत घेतली’ म्हणजे ‘रंग बदलला’ असं आपल्याला वाटतं. विकमध्ये असा रंग नाही. उत्पन्नाची मर्यादा अमेरिकी सरकारच्या दारिद्र्यपातळीच्या १८५ टक्के आहे, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या बऱ्याच वर असलेली घरंही त्यात मुद्दाम धरलेली आहेत. तीन माणसांच्या घरासाठी जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षाचा आकडा वर्षाला ४९,३०३ डॉलर आहे. तुमचा स्टायपेंड बारा महिन्यांचा धरला तरी ३१,२०० होतो. काठावरसुद्धा नाही, चांगली आत आहेस. आणि ‘तात्पुरते अडचणीत’ म्हणशील तर योजनाच तात्पुरती आहे. बाळंतिणीला सहा महिने, अंगावर पाजणारीला वर्षभर, मुलाला पाचव्या वाढदिवसापर्यंत. त्यानंतर कुणीच त्यात राहत नाही.

दुसरं, हे तू घेत नाहीयेस. अर्ज तू करणार, कार्ड तुझ्या पर्समध्ये राहणार, पण फॉर्म्युला बाळाच्या नावावर येतो. बाळ त्या देशाचं नागरिक आहे. त्याचं वजन वाढावं म्हणून त्याच्या देशाने ठेवलेली वस्तू त्याच्यापर्यंत पोचू द्यायची की आईवडिलांच्या संकोचापायी अडवून धरायची, असा तो प्रश्न आहे. मला यात फारशी दुसरी बाजू दिसत नाही, आणि उगाच समतोल दाखवण्यासाठी मी ती शोधणारही नाही.

नवऱ्याच्या भीतीला मात्र दुसरी बाजू आहे, म्हणून ती हसण्यावारी नेऊ नकोस. ‘पब्लिक चार्ज’ म्हणून एक कसोटी असते. ग्रीन कार्ड मागणारा माणूस पुढे सरकारवर भार होईल का, हे अधिकारी तीत बघतात. २०१९ साली तो नियम कडक केला गेला आणि त्यात स्नॅप, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना खाण्यासाठी मिळणारी सरकारी मदत, जिला लोक अजून फूड स्टॅम्प म्हणतात, ते धरलं गेलं. लोक इतके धास्तावले की हक्काच्या गोष्टीही सोडून बसले. पण त्या कडक नियमातसुद्धा विक धरलेलं नव्हतं. तो नियम २०२१ मध्ये गेला, डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या नियमात स्नॅपही धरत नाहीत आणि विकही नाही. मग २०२५च्या नोव्हेंबरमध्ये हा २०२२चा नियमच मागे घेण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला. म्हणजे जमीन हलती आहे. म्हणून अर्ज करायच्या आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा, आणि विद्यार्थ्यांसाठी मोफत कायदा सल्ला असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला अर्धा तास गाठा. त्याला गोल प्रश्न विचारू नका. ‘नागरिक असलेल्या बाळाच्या नावावर विक, दुसरं काही नाही, तर आमच्या पुढच्या अर्जावर काय परिणाम?’ एवढंच विचारा. तुझ्या स्वतःच्या नावावरही विक मिळू शकतं, कारण ही योजना सहसा व्हिसा विचारत नाही. पण नवऱ्याचा जीव वकिलाच्या उत्तरापर्यंत टांगलेला राहणार असेल तर आधी फक्त बाळाचा अर्ज करा.

व्हॉट्सॲपवरच्या ‘माझ्या मित्राच्या मित्राचं ग्रीन कार्ड अडलं’ या गोष्टीला वकिलाच्या अर्ध्या तासाइतकी किंमत देऊ नका. मी अशा डझनभर गोष्टी ऐकल्यात, आणि प्रत्येक वेळी तो मित्र शेजारच्याच राज्यात राहत असतो.

स्नॅपचं गणित वेगळं आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत या दोन योजनांची नेहमी गल्लत होते. एफ व्हिसावर तुम्हा दोघांना स्नॅप नाही. नागरिक बाळाला मिळू शकतं, पण हिशोबात तुमचं उत्पन्न येतं आणि एका बाळापुरती रक्कम तशी थोडीच होते. ज्यांना मिळतं त्यांना मात्र त्या कार्डावर फॉर्म्युला, बाळाचं सिरियल, बाटलीतलं बाळाचं खाणं हे सगळं घेता येतं, शिवाय नाचणीचं पीठ आणि मूगडाळसुद्धा, कारण बरीच भारतीय दुकानं ते कार्ड घेतात. डायपर, वाइप्स, व्हिटॅमिनचे थेंब मात्र कुठल्याच खाण्याच्या कार्डावर येत नाहीत. काउंटरवर खजील व्हायला नको म्हणून हे आधीच सांगते. तुझ्यापुरता माझा सल्ला : आधी विक, स्नॅपचा विचार वकिलाशी बोलल्यावर.

मैत्रिणीचे डबे घेऊ नकोस. तिचा हेतू चांगला असेल, पण विकमधून आलेली वस्तू विकणं आणि विकत घेणं दोन्ही नियमबाह्य आहे, आणि ज्यांना आपल्या कागदपत्रांची काळजी आहे त्यांनी नेमकी हीच गोष्ट करू नये. तिचं कार्ड जाईल आणि तूही गोत्यात येशील. गंमत बघ, सरळ दारातून जायला लाज वाटते म्हणून आपण खिडकीतून शिरायला तयार होतो.

आता सासूबाई. त्यांच्या वाक्यात दोन वेगवेगळ्या लाजा आहेत, त्या सुट्या करून बघूया. एक रेशनची, एक डब्याच्या दुधाची.

डब्याच्या दुधाची लाज तुलाही आहे, पत्रात दिसते. अळिवाची खीर झाली, शतावरी झाली, डिंकाचे लाडू झाले, तरी दूध वाढलं नाही, हे तू कबुलीजबाबासारखं लिहिलंयस. आपल्याकडे १९९२ साली कायदा झाला, बाळाच्या दुधाची पावडर आणि बाटल्यांच्या जाहिरातीला बंदी घालणारा. २००३ साली तो आणखी कडक झाला. चांगला कायदा आहे, कारण कंपन्या दवाखान्यांत शिरून डबे खपवत होत्या आणि स्वच्छ पाणी नसलेल्या घरांत त्याने बाळं दगावत होती. पण तो कायदा कंपन्यांना आवरण्यासाठी आहे. त्याचा सूर हळूहळू आयांच्या अंगावर आला. डब्यावरची ‘आईचं दूध सर्वोत्तम’ ही ओळ वाचताना ती आपल्यालाच टोचून लिहिली आहे असं वाटायला लागतं. ती तुला टोचायला लिहिलेली नाही, कायद्याने कंपनीला ती छापावी लागते.

आणि विकच्या कार्यालयात फक्त डबे देतात असं समजू नकोस. तिथे स्तनपानाबद्दल बोलणाऱ्या बायका असतात, बऱ्याचदा स्वतः त्याच योजनेतून गेलेल्या, पंपाची सोयही करून देतात. तू थोडं अंगावर पाजतेस हे तिथे नक्की सांग. ‘लपवलं तर जास्त डबे मिळतील’ असं कुणीतरी सुचवेल, पण अर्धं अंगावर, अर्धं फॉर्म्युला असा वेगळा संच असतो आणि त्यात तुझ्या स्वतःच्या खाण्याच्या वस्तूही वर्षभर मिळतात : दूध, अंडी, भाजी-फळं, सुकी कडधान्यं, त्यात मसूर आणि काबुली चणेसुद्धा. पूर्ण फॉर्म्युला सांगितलास तर सहा महिन्यांनी तुझा भाग बंद होतो. म्हणजे खोटं बोलून तोटाच.

कोणता डबा मिळणार हे तुझ्या हातात नसेल. प्रत्येक राज्य एका कंपनीशी करार करतं, कंपनी राज्याला भरपूर सूट परत देते, आणि त्या पैशातून आणखी बाळांना दूध मिळतं. त्या एका कंपनीवर अवलंबून राहण्याचा फटका २०२२ साली बसला होता, मिशिगनमधला एक मोठा कारखाना बंद पडला आणि देशभर फळ्या रिकाम्या झाल्या. पण एरवी ब्रँड बदलला म्हणून घाबरू नकोस. तिथे विकला जाणारा प्रत्येक साधा फॉर्म्युला ठरलेल्या पोषणमर्यादांत बसवावाच लागतो. बाळाला खरंच वेगळा लागत असेल तर डॉक्टरांकडून फॉर्म भरून घ्यायचा. महागडा डबा म्हणजे अधिक माया, हा समज दुकानवाल्यांचा आहे.

एक ध्यानात ठेव, विक हे पूरक आहे. पूर्ण फॉर्म्युल्यावरच्या बाळाला चौथ्या-पाचव्या महिन्यात नऊशे औंसांच्या वर तयार दूध होईल एवढी पावडर मिळते, तुला तिच्यातला काही भाग मिळेल. सहाव्या महिन्यानंतर ती सगळ्यांचीच कमी होते आणि तिच्या जागी सिरियल आणि फळं-भाज्यांच्या बाटल्या येतात. तेव्हा ‘विकने दूध कापलं’ म्हणून बरेच जण रागावतात. कापलेलं नसतं, बाळ जेवायला लागलेलं असतं. त्या बाटल्यांना तुझा नवरा नाक मुरडेल, तर मुरडू दे. प्रवासाला, आजारपणाला कामी येतात. नाचणीची पेज आणि मऊ मुगाची खिचडी घरी होईलच, मीठ-साखर न घालता. सिरियल घेताना निव्वळ तांदळाचं रोज नको, ओट्स आणि बार्ली आलटून पालटून घे. तांदळात आर्सेनिक उतरतं म्हणून बाळाच्या तांदूळ सिरियलला तिथे २०२० पासून मर्यादा घातली आहे. आणि गुटी-चाटणातला मध वर्षभर बंद. हे सासूबाईंना तू सांगू नकोस, नर्सकडून सांगव.

राहिली रेशनची लाज. सासूबाई माणच्या आहेत म्हणतेस, वय साठीच्या आसपास असेल. त्यांना एकदा निवांत, बाळ झोपल्यावर, बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचार. मी करमाळ्याची. वडील शाळामास्तर. अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी तेव्हा रेशनवर मिळायची, तिच्या भाकरीचा वास मला आजही ओळखता येईल. शाळेत सुकडी वाटायचे. आई म्हणायची, “तिथंच खाऊन ये, घरी आणायची नाही. शेजारी बघतील.” मी फ्रॉकच्या खिशात भरून आणायची, धाकट्या भावासाठी. आई ओरडायची आणि मग त्याला स्वतः भरवायची.

त्याच १९७२ साली अमेरिकेच्या संसदेने विकला दोन वर्षांचा प्रयोग म्हणून मंजुरी दिली, १९७५ साली ते कायमचं झालं. करमाळ्यात आम्ही मिलो खात होतो तेव्हा तिथल्या गरोदर बायकांना आणि बाळांनाही खाणं कमी पडत होतं, एवढाच याचा अर्थ. दुष्काळी भागातल्या साठीच्या बाईने सरकारी अन्न खाल्लं नसेल असं होणं कठीण. त्यांना कोंडीत पकडण्यासाठी नको विचारूस. त्या बोलायला लागतील, आणि बहुतेक तूच ऐकत बसशील.

सोमवारी सकाळी काउंटीच्या विक कार्यालयाला फोन कर. भेटीची वेळ मिळाली की बाळाचा जन्मदाखला किंवा लसीकरणाची वही, पत्ता दिसेल असं वीजबिल किंवा भाडेकरार आणि स्टायपेंडचं पत्र बरोबर ने. वेळ आठवड्याभराने मिळाली तर तोवरच्या डब्यांचं आधीच बघून ठेव. बाळाचं वजन-उंची करतील, काय-किती पितं ते विचारतील. तिथे दीड स्कूपचं सांग, रागावणार नाहीत, हे त्यांनी रोज ऐकलेलं असतं. कार्ड मिळालं की दुकानात जाण्याआधी त्यांचं ॲप फोनवर घे, डब्याचा बारकोड लावला की तो तुझ्या यादीत बसतो की नाही ते तिथेच कळतं. माझ्या वेळी हे असतं तर चार नंबरच्या रांगेत मोदकवाल्या बाईंसमोर माझी ती गत झाली नसती.

आणि जाताना सासूबाईंना बरोबर घेऊन जा. वजनाच्या काट्यावर बाळाला धरायला कुणीतरी लागतंच.